मावशीनं नाव घेतलं

अमिना मावशी आधी हात पाहते, मग तोंड. मी चिचटोल्याच्या अंगणवाडीत नवीन लागले तेव्हा ती दारातच टोपली उतरवून बसली होती. माझ्याकडे न बघता तिने माझं मनगट धरलं, अंगठ्याखालचं हाड दाबून पाहिलं आणि म्हणाली, “ताई, हात मऊ हाय, पण मूठ आवळून ठेवता तुमी. सकाळी घरी कोणासंगं तरी वाजलं दिसते.”

वाजलं होतंच. सासूबाईंशी, चहावरून.

चिचटोला हे गाव सावली या तालुक्याच्या गावापासून आतल्या अंगाला, धानाच्या बांध्यांच्या मधोमध. मी राहते सावलीला, मतदार यादीत नावही तिथलंच. रोज स्कूटीने गावात येते-जाते. गावात मुसलमानाचं घर एकच, तलावाच्या पाळीला लागून. मावशीचे मालक सावलीच्या मणियारांच्या, पिढीजात बांगडीवाल्यांच्या घरातले. भावाभावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा ते बायकोला घेऊन इकडे आले, कारण या पट्ट्यातल्या गावांत काकणं भरणारं कोणी नव्हतं. बांगड्यांना इकडे काकणं म्हणतात. ते सायकलवरून माल आणायचे, मावशी घरोघर जाऊन भरायची. आधी ती काकणवाली झाली, मग काकणवाली मावशी, मग नुसती मावशी. तिचं अमिना हे नाव मला माहीत होतं ते अंगणवाडीच्या सर्वेक्षणामुळे. गावाला त्या नावाचं कधी कामच पडलं नाही.

तिचं काम बघत बसावंसं वाटे. हाताला साबणाचं पाणी लावायची आणि लगेच काहीतरी बोलणं काढायची. कोणाच्या सुनेला कितवा लागला, कोणाची म्हैस आटली. बाईचं ध्यान त्या बोलण्यात गेलं की हात ढिला पडतो, तेवढ्यात काकण हाडावरून पार. पहिलं काकण चढवताना तिचे ओठ हलत, ती बिस्मिल्लाह म्हणत असे. इकडे बाई त्याच काकणाला हळदकुंकू लावून कपाळाशी नेई. दोघींचे देव आपापल्या जागी, कोणाला कोणाची अडचण नाही. एखादं काकण फुटलंच तर ‘फुटलं’ हा शब्द तिच्या तोंडून कधी यायचा नाही. “वाढलं व बाई,” म्हणायची आणि दुसरं घ्यायची.

लग्नाचा चुडा भरायला मात्र तिला मान असायचा. घरच्या कर्त्या पुरुषाने सुपात तांदूळ आणि हळकुंड घेऊन तिच्या दारी आवतन द्यायला जायचं, ही इकडची रीत. चुडा भरून झाला की नवरी तिच्या पाया पडायची.

कोरोनानंतरच्या वर्षी तिचे मालक गेले. त्यांना तलावाकाठी मोहाच्या झाडाखाली ठेवलं. इद्दतीचे, नवऱ्यामागे घरातच राहायचे दिवस संपवून मावशी बाहेर आली तेव्हा कोणी तिच्या तोंडावर काही बोललं नाही. पण विधवेच्या हातून नवरीचा चुडा कसा भरायचा, हा विचार गावाच्या मनात आला तो आलाच. रोजची काकणं भरायला बाया तिच्या घरी येत राहिल्या. चुड्याचं आवतन बंद झालं. चुडे मूल शहरातल्या दुकानातून पुठ्ठ्याच्या डब्यात येऊ लागले. मावशीने कधी विषय काढला नाही.

मागच्या हिवाळ्यात तिच्या तोंडावरून वारं गेलं. डावा गाल खाली ओढला गेला, डावा डोळा मिटेना, शब्द जिभेवर जड झाले. त्या दिवशी तलावाकडच्याच रंजीताच्या नवऱ्याने तिला आपल्या गाडीत घालून जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं, म्हणून जीव वाचला. मुलगा जुबेर नागपूरहून आला. तिकडे त्याचं गॅरेज आहे. “अम्मी, चल आता,” म्हणाला. मावशीने मोहाच्या झाडाकडे बोट केलं. “त्याइले एकटं ठेवून कुठी येऊ?”

पुढे ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. तलावाकडचा वॉर्ड बाईसाठी राखीव होता. एका बाजूने हीच रंजीता उभी राहिली, निशाणी कपबशी. दुसऱ्या बाजूने धनराजने आपली बायको कमळा उभी केली, निशाणी छत्री. कमळा स्वतःहून उभी राहिली असं म्हणता येणार नाही. फॉर्मवर सही तिची, धावपळ सगळी धनराजची.

समाजमंदिरात बैठक झाली. ग्रामसेवकाने सांगितलं, मत टाकायला येताना फोटोचं ओळखपत्र आणा. मतदार कार्ड, आधार, रोजगार हमीचं जॉबकार्ड, काहीही चालेल, पण फोटो पाहिजे. त्यावर धनराजची आई रुखमाबाई उठली. तिचा आवाज तलावापलीकडे ऐकू जातो.

“आमाले आमच्याच गावात फोटो दाखवा लागते का? काल आलेला मास्तर मले विचारन का, तू कोण म्हणून? याच गावात माह्या केसाचा कापूस झाला!”

“माय, तू गप राह्य,” धनराज म्हणाला. “मागच्या खेपेले मुखरू भाऊ तेलंगणात मिरची तोडाले गेला होता. अन् इथी त्याचं मत पडलं. कोणं टाकलं? मिरचीच्या बोऱ्यात बसून आला होता का तो?”

लोक हसले, पण बोलणं खरं होतं. मुखरू त्याचा सख्खा भाऊ. त्या खेपेला धनराजची मंडळी अगदी थोडक्यात पडली होती.

रंजीताचा दीर बिरजू म्हणाला, “धनराज भाऊ, एका चोरासाठी साऱ्या गावाची झडती घेता का? म्हाताऱ्या माणसाचे फोटो कोण्या जमान्यातले असते.”

“ज्याच्या मनात चोर नाई त्याले भेव काऊन?”

तेव्हा मागून मावशी बोलली. वाकड्या तोंडाने, एकेक शब्द सावरत. “धनराज बरोबर बोलून राह्यला. आपली चीज आपणच वापराव. माह्यापाशी तं कार्ड हाय, बाप्पा.” कमरेच्या बटव्यातून कार्ड काढून तिने वर धरलं. धनराजने तिला हात जोडले. “पाहा, मावशीले समजते!”

मलाही धनराजचं म्हणणं पटलं होतं, आजही पटतं. दुसऱ्याने आपलं मत टाकावं ही काही लहान गोष्ट नाही. पण रुखमाबाईचं बोलणंही डोक्यातून जात नव्हतं.

मतदानाच्या आदल्या दिवशी मावशी अंगणवाडीत आली. पोरं खिचडी खाऊन गेली होती. तिने कार्ड माझ्यापुढे ठेवलं. फोटोतल्या बाईचे गाल भरलेले, केस काळेभोर, नाकात नथणी, दोन्ही डोळे टपोरे.

“ताई, हे मीच आहो ना?”

“तुम्हीच, मावशी.”

“जुबेर फोनवर सांगत होता, आजकाल कागद नाई जुळला तं नाव कटते. माहं नाव कटलं तं मंग मी इथची कोण? जमीन नाई, जुमला नाई. मोहाखाली ते हायत अन् यादीत मी हाय. इतकंच हाय माहं या गावात.”

मी म्हटलं, नाव आणि नंबर जुळला की झालं, घाबरू नका. मला तसंच वाटत होतं.

केंद्र जिल्हा परिषदेच्या शाळेत होतं. माझी ड्युटी व्हरांड्यात, आलेल्या बायांचा यादीतला नंबर शोधून चिठ्ठी द्यायची. खोलीचं दार माझ्या पाठीशीच, त्यामुळे आतलं सगळं दिसत होतं. केंद्राध्यक्ष बाहेरगावचे शिक्षक, आदल्या दिवसापासून गावातच मुक्कामाला, डोळे तांबारलेले. आत एका बाकावर धनराज आणि बिरजू, दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी म्हणून. दाराशी पोलीस.

दुपार कलली तरी मावशी आली नाही. जुबेर तिला न्यायला येणार होता, त्याची गाडी रस्त्यात बंद पडली. शेवटी ती एकटीच काठी टेकत आली. इस्त्रीची हिरवी साडी, डोक्यावरून पदर, हातात कार्ड. बायांची रांग लांब होती आणि वेळ संपत आली होती. सगळे हिशेब करत होते. कोणाचं पारडं किती जड, हे चिचटोल्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तलावाकडचा वॉर्ड अगदी काट्यावर होता, आणि दवाखान्याच्या उपकारामुळे मावशीचं मत कपबशीलाच जाणार हे सगळ्यांनी धरलेलं होतं.

मी चिठ्ठी दिली. ती आत गेली. अधिकाऱ्याने वाचलं, “अमिना शेख.”

“ऑब्जेक्शन,” धनराज म्हणाला.

तो उभा राहिला होता. मावशीकडे बघत नव्हता. “साहेब, फोटो जुळत नाई. फोटोतली बाई अलग, समोरची अलग. मी आक्षेपाची फी भरतो, तपासून पाहा.”

मावशीला आधी काही कळलं नाही. ती हसली, एका बाजूने. “अरे धनराज, मी होय ना बाप्पा.”

“मी कोण्या अमिना शेखले ओळखत नाई, साहेब.”

तो खोटं बोलत नव्हता. जन्मापासून तो तिला मावशी म्हणत आला होता. पण खोटं न बोलताही माणूस काय करू शकतो ते त्या क्षणी मला दिसलं.

बिरजू ओरडला, “काऊन खोटी बाजू घेता? साऱ्या गावाले माहीत हाय, हे मावशी होय!”

“तू बोलशीनच,” धनराज म्हणाला. “तुह्या फायद्याचं हाय ते.”

केंद्राध्यक्षांनी दोघांना खाली बसवलं. फी घेऊन पावती फाडली, कार्ड हातात घेतलं, फोटो पाहिला, मावशीकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. आजीबाई, घाबरू नका, म्हणाले, पण आवाज कोरडा होता. “दुसऱ्याच्या नावाने मत टाकणं गुन्हा आहे, तेवढं समजून घ्या. चौकशीत तसं निघालं तर मला पोलिसांकडे द्यावं लागतं. आता मी विचारतो ते सांगा. तुमचं नाव?”

“अमिना.”

“नवऱ्याचं नाव?”

मावशीने त्यांच्या हातातल्या कार्डाकडे बोट केलं.

“आजी, नवऱ्याचं नाव सांगा.”

“जुबेरचे अब्बा.”

“ते झालं. त्यांचं नाव?”

मावशीने पदर ओढला. पोलीस दारातून एक पाऊल आत आला.

“पाहा साहेब,” धनराज म्हणाला. “कार्ड तं कोणी बी उचलून आणते. पण नवऱ्याचं नाव माहीत नाई अशी बाई कुठी असते का?”

मला राहवलं नाही. मी दारातून म्हटलं, “सर, ह्या आमच्या गावातल्याच. जुन्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत.”

“मॅडम, तुम्ही ड्युटीवर आहात, आणि इथल्या मतदारही नाही. तुमचं म्हणणं मी लिहू शकत नाही.” मग जरा थांबून ते हळू आवाजात म्हणाले, “मला कळतं. माझी आईसुद्धा घेत नव्हती. पण कागदावर काय लिहू? गावातल्या कोणीतरी सांगायला पाहिजे.”

त्यांनी दाराशी येऊन रांगेला विचारलं, “या अमिना शेख आहेत असं कोण सांगतं?”

पुरुषांच्या रांगेतून आवाज आला, “काकणवाली मावशी होय जी.”

“नाव अमिनाच ना? खात्री आहे?”

“नावाचं नाई सांगता येत, साहेब.”

“आमी मावशीच म्हणतो जी.”

एकेक मान खाली गेली. काहींना खरंच नाव माहीत नव्हतं, काहींना धनराजशी वाकडं घ्यायचं नव्हतं. मावशी टेबलाला धरून उभी होती. तिच्या उघड्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. त्या डोळ्यातून ते नेहमीच वाहतं, पण बघणाऱ्याला तसं वाटलं नसतं. मी मनात मार्कंड्याच्या महादेवाला हात जोडले. दुसरं काही माझ्या हातात नव्हतं.

त्याच वेळी कमळा आली. उमेदवार म्हणून ती सकाळपासून शाळेच्या फाटकापाशी उभी होती, कोणीतरी तिला जाऊन सांगितलं असावं. ती व्हरांड्यात आली, चप्पल काढली, देवळात शिरावं तशी दबकत आत गेली.

“साहेब, मी सांगू का?”

“तू बाहेर जा, कमळे,” धनराज म्हणाला.

“तुम्ही कोण?” केंद्राध्यक्षांनी विचारलं.

“मी छत्री, जी.”

बाहेर कोणीतरी फिसकन हसलं. केंद्राध्यक्ष हसले नाहीत. “उमेदवार का? आणि हे प्रतिनिधी तुमचे कोण?”

कमळाने मान खाली घातली. “गुड्डीचे बाबा.”

“नाव?”

कमळा पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. आता मागच्या बाया मोकळ्या हसल्या. एक म्हणाली, “घ्या! इचाबी नवरा बेनामीच निघाला!” केंद्राध्यक्षांनी धनराजकडे पाहिलं, मग मावशीकडे. धनराजच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“बरं,” ते म्हणाले. “या बाईंना तुम्ही ओळखता?”

“ओळखतो जी. हे आमची मावशी. तलावाजवळ राह्यते. मी नवरी होतो तं माह्या चुडा इनंच भरला.”

“कमळे, लक्षात हाय ना तू कोणाच्या मताचं बोलून राह्यली?” धनराजचा आवाज खाली गेला होता, पण सगळ्यांना ऐकू आला. “एका मतानं पडशीन तं?”

“पडीन तं पडीन.” ती त्याच्याकडे वळली नाही. “पण चुडा भरणाऱ्या हाताले खोटं नाई म्हणत मी.”

केंद्राध्यक्ष म्हणाले, “तुमचं म्हणणं मी लिहून घेतो. तुमच्या तोट्याचं बोलताय, त्याला वजन आहे. पण या बाईंनी नवऱ्याचं नाव सांगितलं तर माझं काम पक्कं होईल. तुम्हाला माहीत आहे का ते?”

“एकदाच आयकलं जी. माह्या लग्नात. चुडा भरून झाला तं साऱ्या बाया इच्या मागं लागल्या, नाव घे, नाव घे म्हणून. इनं उखाण्यात घेतलं होतं.” कमळाचा चेहरा एकदम उजळला. तिने मावशीचा हात धरला. “मावशी, घ्या ना! तोच उखाणा! नाव घ्या!”

आणि तिथेच तिने जीभ चावली.

विधवेला कोणी नाव घ्यायला सांगत नाही. तो सुवासिनीचा खेळ. मावशीने आपला हात हळूच सोडवून घेतला.

“तो हक्क गेला ना माह्या, बेटी.”

केंद्राध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. पोलिसाने विचारलं, “सर, बाहेर नेऊन बसवू का यांना?” धनराज बाकावर बसला होता, हात गुडघ्यांत दाबून. त्याच्या तोंडावर जिंकल्याची कळा नव्हती, पण तो उठलाही नाही.

तेवढ्यात रांगेतून रुखमाबाईचा आवाज आला.

“काऊन गेला व हक्क? माणूस गेला, नाव थोडीच गेलं! मीबी पांढरं कपाळ घेऊनच उभी आहो. मी सांगतो तुले, घे! पाप लागलं तं माह्या माथ्यावर!”

“माय!” धनराज उभा राहिला.

“तू बस रे. तुह्या बायकोचा चुडा इनं भरला तवा तू मांडवात शेरवानी घालून मिरवत होता. तवा ओळखत होता तू इले.”

मावशीने डोळे मिटले. एक मिटला, दुसरा अर्धाच. ओठ हलले. काकण चढवताना हलत तसे. मग ती बोलायला लागली. जड जिभेने, प्रत्येक शब्द जागेवर बसवत.

“सावलीच्या बाजारातून… आणला काचेचा माल…”

तिथे अडखळली. गालातून लाळ ओघळली, तिने पदराने पुसली. कमळा श्वास रोखून बघत होती, तिच्या ओठांवर पुढचं आलं होतं. केंद्राध्यक्षांनी तिला बोटाने गप्प राहायला सांगितलं. यादीतला नवऱ्याच्या नावाचा रकाना त्यांनी तळहाताने झाकून ठेवला होता.

मावशीने टेबलाची कड सोडली आणि ताठ उभी राहिली.

“नूर मोहम्मदचं नाव घेतो,” ती म्हणाली, आणि हे चार शब्द असे स्वच्छ आले, जणू वारं तिच्या तोंडावरून कधी गेलंच नव्हतं. “कमळीचा चुडा लाल.”

केंद्राध्यक्षांनी तळहात उचलला. खाली वाकून पाहिलं.

“नूर मोहम्मद शेख,” त्यांनी वाचलं. “आक्षेप फेटाळला. बाई, बोट पुढे करा.”

बायांच्या रांगेत कोणी टाळी वाजवली नाही. सगळ्या पदराने डोळे टिपत होत्या, आणि मीसुद्धा. शाई लावताना मावशीने बोट ढिलं सोडलं होतं, काकणं भरताना बायांचा हात ढिला पडतो तसं. मग ती पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली. बराच वेळ लागला तिला. मशीनचा आवाज आला तेव्हा बिरजूने सुस्कारा सोडला. धनराज खिडकीबाहेर बघत होता.

बाहेर येताना ती दारात थांबली. जुबेर तेव्हाच फाटकातून धावत येत होता, हाताला ऑइल. तिने त्याला शाईचं बोट दाखवलं. “नाई कटलं,” म्हणाली.

निकाल लागला. कमळा पडली. थोडक्यातच, पण एका मताने नाही. मावशीने कोणतं बटण दाबलं ते तिला आणि तिच्या अल्लाला ठाऊक. कमळाने कधी विचारलं नाही. धनराजच्या घरात मात्र बरेच दिवस भांड्यांचे आवाज जरा जास्त येत होते, आणि तलावाकडच्या रस्त्याने जायचं तो टाळू लागला.

वैशाखात त्याच्या गुड्डीचं लग्न ठरलं. धनराजने मूलहून डब्यातला चुडा आणला, खड्यांचा, महागातला. रुखमाबाईने डबा उघडून पाहिला आणि बंद केला. “पोरीचा चुडा मावशी भरन. नाई तं मी मांडवात पाय ठेवत नाई.” विधवेच्या हातचा म्हणून कोणी कुरकुरलं असेल, पण रुखमाबाईपुढे नाही. कमळाने सुपात तांदूळ घातले, हळकुंड ठेवलं आणि सूप नवऱ्यापुढे सरकवलं. आवतन द्यायला कर्त्या पुरुषानेच जायचं असतं.

त्या दुपारी मी मावशीच्या ओसरीत काकणं भरून घेत होते. लग्नसराईचे दिवस, पाच-सहा बाया हात पुढे करून बसल्या होत्या. धनराज अंगणात येऊन उभा राहिला, सूप दोन्ही हातांत धरून.

“मावशी,” तो म्हणाला. “आवतन घेऊन आलो.”

मावशी माझ्या हातावर काकण चढवत होती. तिने मान वर केली, डोळे बारीक करून त्याच्याकडे पाहिलं, खालीवर न्याहाळलं.

“कोण होय बाप्पा?”

“मी… धनराज.”

“मी कोण्या धनराजले ओळखत नाई. फोटो आणला का?”

ओसरी हास्याने फुटली. मी हसले आणि माझ्या हातातलं काकण वाढलं. धनराज उन्हात तसाच उभा. जावं की राहावं, त्याला कळेना. मावशीच्या तोंडावर मात्र हसू नव्हतं.

“फोटो नाई तं बायकोचं नाव सांग.”

“क…”

“असं नाई. आमी घेतलं तसं घे. साऱ्यायसमोर.”

सुपातल्या तांदळाचे दोन-चार दाणे खाली सांडले. बाया आता हसत नव्हत्या. तो घसा साफ करून खाली मातीकडे बघत राहिला. मला वाटलं, सूप खाली ठेवून निघून जाणार. मग तो हळूच, शाळेत कविता म्हणणाऱ्या पोरासारखा, बोलला,

“पऱ्हं रोवलं बांधीत, चिखल लागला पायाले… कमळीचं नाव घेतो, मावशीले आलो न्यायाले.”

मावशीने त्याच्या हातातलं सूप घेतलं, तांदळाला हात लावून कपाळाला नेला.

“हं,” ती म्हणाली. “आता पटली ओळख. सावलीत ये, पाणी पे.”